आई चप्पल काढून कपेलात गेली

गेल्या वर्षी थंडी संपता संपता ओल्ड गोव्याला मोंतच्या टेकडीवर गाण्याचा प्रोग्राम होता, त्याला मी आईला घेऊन गेले. गाडी खाली लावली, चढ चढलो, मध्ये दोनदा थांबून आईनं दम घेतला, आणि कपेलाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चच्या दारापाशी आल्यावर तिनं काही न बोलता चप्पल काढली, भिंतीच्या कडेला जोडून ठेवली, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेली. बाकी सगळे बूट-सँडल घालूनच आत जात होते. मी तिला सांगणार होते की अगं इथं काढावी लागत नाही. नाही सांगितलं. मग मीही काढली.

एवढंच. पण आमच्या घरातली बाई कपेलाच्या उंबऱ्याला हात लावते याच्यामागे साडेचारशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट मनात घेऊनच मी गेली बारा-पंधरा वर्षं या जुन्या इगर्जांमध्ये म्हणजे चर्चमध्ये, कपेलांमध्ये, तिथल्या म्युझियममध्ये जातेय. कधी गाणं ऐकायला, कधी शाळेतल्या मुलांना घेऊन, कधी नुसतीच. खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

आम्ही म्हार्दोळचे, म्हाळसेचे. पण म्हाळसा मूळची इथली नाही, ती वेर्ण्याची, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, आणि १५६७ साली राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश यानं तिथली देवळं पाडली. त्या दशकात लोकांनी जमतील तसे देव उचलले आणि पाणी ओलांडून अंत्रुजात आणले, कारण अंत्रुज म्हणजे आजचा फोंडा तालुका तेव्हा आदिलशाहीत होता, तिथं पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता (तो पोचला थेट १७६३ मध्ये, आणि तोवर त्यांचीही देवळं पाडण्याची धग ओसरली होती). कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, आणि वेर्ण्याची म्हाळसा आमच्याकडे. शाळेच्या पुस्तकात हे चार ओळीत असतं. आमच्या घरात हे आजी सांगायची, आणि अशी सांगायची की जणू तिच्या लहानपणी घडलंय, "आमची म्हाळसा रातची व्हड्यांत बसून आयल्या." रात्रीची, होडीत बसून. मी लहानपणी झोपताना ती होडी बघायचे, पाण्यावर दिवा नाही, कुणी बोलत नाही, मध्ये कापडात गुंडाळलेली देवी.

तर आजी कधी इगर्जेत गेली नाही. ती कुणाचा द्वेष करायची असं अजिबात नाही, पाव घेऊन येणाऱ्या पदेराशी तिच्या अर्धा अर्धा तास गप्पा चालायच्या, नाताळात त्याच्याकडून आलेल्या नेवऱ्या ती आवडीनं खायची. पण फोंड्याहून पणजीला जाणारी बस ओल्ड गोव्यातून जाते आणि तेवढा वेळ ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसायची. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा विचारलं, येतेस का, मोंतला गाणं आहे. ती म्हणाली, "तूं वच. आनी आयल्या उपरांत म्हाका सांग." जा, आणि आल्यावर मला सांग. हे वाक्य मी नंतर पंचवीस-तीस वेळा तरी ऐकलं असेल.

मोंत म्हणजे ओल्ड गोव्यातली पूर्वेकडची टेकडी, वर सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, छोटं कपेल. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर बांधायला लावलेलं, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या जागांपैकी एक, बाँ जेझुस आणि से कॅथेड्रल हे दोन्ही त्याच्या कितीतरी नंतरचे. त्याआधी या टेकडीवर आदिलशाहीच्या तोफा होत्या. मधल्या काळात कपेल पार मोडकळीला आलं होतं, मग या शतकाच्या सुरुवातीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेनं त्याची दुरुस्ती केली, आणि दुरुस्ती करून नुसतं कुलूप लावून ठेवलं नाही, तर कला अकादमीच्या सोबतीनं तिथं संगीत महोत्सव सुरू केला. हिंदुस्थानी संगीत आणि पाश्चात्त्य संगीत, दोन्ही एकाच महोत्सवात. मला या लोकांचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं.

पहिल्यांदा गेले ती संध्याकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. कपेलाच्या बाहेर अंगणात बैठक, समोर उतार, उताराखाली माडांच्या शेंड्यांतून वर आलेली इगर्जांची छपरं, त्यापलीकडे मांडवी, मांडवीत दिवाडी आणि चोडण. सूर्य खाली जात होता आणि गायिकेनं मारवा लावला होता. मारव्यात सा सहज सापडत नाही, तो राग तुम्हाला टांगून ठेवतो, घर समोर दिसतंय पण पोचता येत नाही असं काहीतरी, आणि मी त्या पाण्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात ती होडी. मी रडले हे सांगायला मला काही वाटत नाही. नंतर आत गेलो, कपेलात, आणि तिथं एक कॉयर गायलं, चार आवाजांतलं, लॅटिन शब्द. एक अक्षर कळलं नाही. पण ती कमान, तो जाड चिऱ्यांच्या भिंतींचा खोल आवाज, सूर सोडला की तो वर जाऊन थोडा वेळ राहतो आणि मग खाली येतो. आमच्या देवळाच्या सभामंडपात भजनाला असंच होतं.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. गाणारी कुठली होती? आणि आत दिवा होता का?

पहिला प्रश्न तिनं विचारला कारण तिच्या लेखी गाणं ही अंत्रुजाची मालमत्ता. आणि त्यात खोटं काय आहे, केसरबाई केरीच्या, दीनानाथ आणि अभिषेकीबुवा दोघंही मंगेशीचे. जे देव पळवून आणले त्यांच्या देवळांत हे गाणं वाढलं, देवळांची चाकरी करणाऱ्या कलावंत घराण्यांत, ज्यांना गावानं मान कधी दिला नाही पण सूर मात्र त्यांच्याकडूनच घेतला. आणि नदीच्या त्या बाजूला इगर्जांच्या शाळांमधून मेस्त, म्हणजे गाण्याचा मास्तर, पोरांना सोल्फा, म्हणजे त्यांची सरगम, शिकवत होता, व्हायोलिन हातात देत होता, त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात इतके गोयंकार वाजवायला गेले. एकाच छोट्याशा मुलखात दोन गाणी वाढली, मध्ये एक नदी, आणि दोघांनी एकमेकांचं नीट ऐकायला किती वर्षं घेतली! मोंतच्या अंगणात बसून मला पहिल्यांदा ती दोन्ही एका संध्याकाळी ऐकायला मिळाली.

आता थोडं ओल्ड गोव्यातल्याच दुसऱ्या टेकडीबद्दल, कारण मला जे म्हणायचंय ते तिथं डोळ्यांना दिसतं. मोंत सांतो म्हणतात तिला. तिथं सेंट ऑगस्टिनचा तो पडका मनोरा आहे, फोटोत सगळ्यांनी बघितलेला, साधारण ४६ मीटर उंचीचा, अर्धा उभा अर्धा पडलेला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघांना घालवून दिलं, संन्यासी निघून गेले, मठ रिकामा झाला, आणि १८४२ मध्ये इगर्जेची मुख्य कमान कोसळली. सात वर्षं फक्त! सव्वादोनशेहून जास्त वर्षं उभी असलेली वास्तू सात वर्षांत खाली. आपला चिरा असाच आहे, जांभा दगड, त्याला चुन्याचा गिलावा लागतो, दर पावसाआधी कुणीतरी छपरावर चढावं लागतं, नाहीतर पाणी आत शिरतं आणि दगड आतून भुसभुशीत होतो. ज्यांची गावाकडे जुनी बंद घरं आहेत त्यांना हे मी सांगायला नको. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पण गेला. त्या मनोऱ्यातली मोठी घंटा मात्र वाचली, ती आधी आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ पासून पणजीच्या इगर्जेत आहे, त्या पायऱ्यांच्या वर, अजून वाजते.

आणि याच मनोऱ्याच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे, सांता मोनिका. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेला जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ, आशियातल्या अगदी सुरुवातीच्या आणि मोठ्या मठांपैकी. तोही तोच चिरा, तोच पाऊस, तीच टेकडी. तो उभा आहे. का? माझं मत असं की तिथल्या बायका गेल्या नाहीत म्हणून. नवीन कुणाला आत घ्यायला बंदी झाली, पण ज्या आत होत्या त्या राहिल्या, एकेक करत संपल्या, शेवटची १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं त्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि तरी दिवा लागत राहिला, प्रार्थना होत राहिली, कौल सरकलं तर कुणाला तरी कळत राहिलं. मी वास्तुतज्ज्ञ नाही, भिंतींना टेकू देणारे ते बाहेरचे अजस्त्र चिरेबंदी आधार पण आहेतच, पण समोरासमोरच्या या दोन वास्तू बघितल्या की मला दुसरं काही सुचतच नाही. माणसं आत येत-जात राहिली पाहिजेत, गात-बोलत राहिली पाहिजेत. नुसती पाटी लावून आणि तिकीट ठेवून घर टिकत नाही.

आज त्याच सांता मोनिकात ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे. ते आधी १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनारीत (पाद्री होणाऱ्यांच्या शाळेत) सुरू झालं होतं, २००२ मध्ये इथं आणलं, आणि मधे मोठं काम काढून २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. आता एकदम सुंदर झालंय. मी प्रायमरी शाळेत मराठी शिकवते, माझ्या वर्गाला मी दर वर्षी तिथं नेते. बहुतेक मुलं फोंड्याच्या आसपासच्या गावांतली, घरी कोंकणी, शाळेत मराठी, इगर्जेच्या आत पाय न ठेवलेली. आत एका गोलावर बसलेला मोठा पेलिकन पक्षी आहे, प्रसाद ठेवायची पेटी आणि तो दाखवायचं पात्र दोन्ही त्यातच, आपल्या छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजणारा पक्षी ही त्यांच्या श्रद्धेतली येशूची खूण. मुलं त्याच्यासमोरून हलत नाहीत. पण मला सांगायचंय ते हस्तिदंताच्या छोट्या मूर्तींबद्दल. बाळ येशू, मेंढपाळाच्या रूपातला, उंच डोंगरासारख्या बैठकीवर बसलेला, एक हात गालाला, डोळे मिटलेले, कुरळे केस, खाली कोकरं. एका वर्षी एक मुलगी त्याच्यासमोर खूप वेळ उभी राहिली आणि मला विचारलं, "टीचर, हाची मुरली खंय गेली?" ह्याची बासरी कुठे गेली?

तिथं माहिती सांगणाऱ्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की हे घडवणारे हात इथलेच होते, आणि त्या हातांनी आधी जे रूप घडवलेलं असणार ते नवीन मूर्तीतही थोडं उतरलं. खरं म्हणजे सोळाव्या शतकातल्या इथल्या धर्मपरिषदांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रं करून घ्यायला मनाई केली होती. पण हात दुसरे आणणार कुठून? ज्यांची देवळं पडली तेच सोनार, तेच सुतार, तेच हस्तिदंत कोरणारे. मी त्या मूर्तीकडे बघते तेव्हा मला दुःखही होतं आणि अभिमानही वाटतो, दोन्ही एकदम, आणि मी त्यातलं एक निवडायचं सोडून दिलंय.

म्युझियममध्ये आता भाषणं होतात, मुलांच्या कार्यशाळा होतात, कधी संगीत. मी जमेल तेव्हा जाते. वस्तू त्याच असतात पण चाळीस माणसं एकत्र बसून त्यांच्याबद्दल बोलत असली की त्या वेगळ्या दिसतात.

राशोलला मात्र मी एकटीच गेले होते, पहिल्यांदा. आमच्याकडून बोरीच्या पुलावरून जायचं. बोरी म्हणजे बाकीबाब बोरकरांचं गाव, ज्यांनी मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत कविता लिहिली आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपलं मानलं. पूल ओलांडला की साष्टी, म्हणजे देव ज्या दिशेनं आले त्याच्या उलट दिशेनं आपण जातो. पुलावर गाडी चालवताना मला दर वेळी हे जाणवतं, सवय होत नाही. पलीकडे राय गाव, आणि थोडं आत राशोल, जुनं नाव रायतूर. जुन्या किल्ल्याचा दरवाजा उरलाय, आणि टेकाडावर सेमिनारी, सेंट इग्नेशियसची इगर्ज.

मी तिथं गेले ते फादर स्टीफन्ससाठी. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, चाळीस वर्षं राहिला, इथंच १६१९ मध्ये वारला, आणि त्यानं मराठीत क्रिस्तपुराण लिहिलं. जवळपास अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये राशोलला छापलं, नागरी टाइप नव्हता म्हणून रोमन अक्षरांत. मराठी शिकलेल्या कुणालाही त्यातली मराठीची स्तुती माहीत असते, फुलांमध्ये मोगरी, सुगंधांमध्ये कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी. आम्ही शिक्षक ती दर वर्षी २७ फेब्रुवारीला स्टेजवर म्हणून घेतो. पण पुस्तकाच्या सुरुवातीला जे आहे ते फार कमी लोक सांगतात. तिथं साष्टीतला एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्याच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. देव गेले, देऊळ गेलं, आणि माणूस मागतो काय तर पुराण. संध्याकाळी बसून ऐकायला काहीतरी. आपल्या चालीवर.

आणि याच स्टीफन्सनं कोंकणीत धर्मशिक्षणाचं पुस्तक लिहिलं, कोंकणीचं व्याकरण लिहिलं, जे १६४० मध्ये त्याच्यामागे छापलं गेलं. म्हणजे रोजचं समजावून सांगायला कोंकणी आणि पुराण गायला मराठी. हे कुणाला विचित्र वाटत असेल, आम्हाला नाही. आजी आम्हाला रागवायची कोंकणीत आणि हरिपाठ म्हणायची मराठीत, चतुर्थीला घुमटावर जी आरती होते ती मराठी आणि आरती संपल्यावर "रे तो प्रसाद हाड" ते कोंकणी. गोव्यात १९८५ ते ८७ ला भाषेवरून इतकं भांडण झालं, माणसं मेली, घराघरांत अबोला आला, अजूनही दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे संशयानं बघतात. मला त्या प्रत्येकाला राशोलला घेऊन जावंसं वाटतं. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाच्या कानाला जे ऐकू आलं ते आपल्याला अजून ऐकू येऊ नये?

राशोलला मला एक तरुण सेमिनारिस्ट भेटला, इगर्ज दाखवायला. मी त्याला त्या कप्तानाच्या समाधीच्या दगडाबद्दल विचारलं. हो, तोच दियोगु रोद्रिगिश. त्याची शिळा त्या गावातच आहे, पोर्तुगीजमध्ये लिहिलंय की या किल्ल्याचा कप्तान, ज्यानं या मुलखातली देवळं पाडली. मोठेपणा म्हणून लिहिलंय. त्या मुलानं मला शब्द न् शब्द अर्थ सांगितला, काही लपवलं नाही, गोड करून सांगितलं नाही, आणि मग जरा वेळ आम्ही दोघं गप्प उभे होतो. मी म्हटलं, आमची म्हाळसा वेर्ण्याची. तो म्हणाला, माझी आई वेर्ण्याची.

मग मी त्याला क्रिस्तपुराणाचं विचारलं तर त्याला चार ओव्या पाठ होत्या. त्या रिकाम्या इगर्जेत त्यानं त्या म्हटल्या, वाचल्या नाहीत, म्हटल्या, चालीवर. तीन ओळी यमकाच्या आणि चौथी आखूड, श्वास टेकवणारी. आजीची जात्यावरची चाल नव्हती, पण तिच्या शेजारचीच होती. बाजूच्या खोलीत त्यांच्या सांता सेसिलिया कॉयरची प्रॅक्टिस सुरू होती, मधूनमधून त्यांचा आवाज यायचा. जाताना मी त्या दगडावरून परत गेले. एकाच गावात हा दगड आणि त्याच गावात त्या ओव्या.

त्या रात्री आजीला सांगितलं. दगडाचंही सांगितलं. तिनं विचारलं, "आमच्या भाशेंत?" मी नागरीतली प्रत काढली आणि बाळ येशूच्या जन्माचा भाग वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली, थांबले, तर म्हणाली, वाच. पुढे दोन-तीन महिने मी तिला रोज थोडं थोडं वाचलं. मेरीच्या दुःखाचा भाग आला तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला. इगर्जेत ती तरीही गेली नाही, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. तिचं न जाणंही खरं होतं. त्यात ती होडी होती. आता ती जाऊन सहा वर्षं झाली.

मला काही जवळची माणसंही विचारतात, तुला तिथं जाऊन काय मिळतं, त्यांनी आपलं काय केलं माहीत आहे ना. माहीत आहे. १५६० ते १८१२ इथं इन्क्विझिशन होतं, मध्ये थोडी वर्षं बंद सोडली तर, आणि त्याचं काहीच पुसावं असं मला वाटत नाही, तो दगड तिथंच असावा आणि प्रत्येकानं तो वाचावा. पण राय गावातली माझी सहकारी शिक्षिका दर ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त झालं की भाताची नवी लोंबी माझ्यासाठी शाळेत आणते, पाद्रीनं आशीर्वाद दिलेली, आणि महिना-दीड महिन्यात आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, तेव्हा आमची कणसं दारावर लागतात. तिचे पूर्वज आणि माझे पूर्वज एकाच शेतात राबलेले असणार, एक राहिले, एक गेले. राहिलेल्यांनी काय सोसलं ते आपण कधी विचारलंच नाही. जाणाऱ्यांनी देव नेला, राहणाऱ्यांनी शेत राखलं, सण राखला, आणि घुमटही राखलं. मातीचं ते मडकं, एका तोंडाला चामडं, चतुर्थीला आमच्याकडे शामेळ-कासाळ्याबरोबर (छोटा ढोल आणि झांजा) आरतीला वाजतं आणि साष्टीच्या ख्रिस्ती घरांत व्हायोलिनबरोबर मांडोला, म्हणजे त्यांच्या नाच-गाण्याला. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं लावतात, आवाज थोडा बदललाय असं जाणकार म्हणतात. २०१९ मध्ये सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. मी एकदा साष्टीतल्या एका इगर्जेच्या आवारात मांडो ऐकत होते आणि घुमट सुरू झाल्याबरोबर माझ्या हातानं आपोआप आरतीचा ठेका धरला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं बघितलं, हसली, आणि तिनंही माझ्याबरोबर टाळी धरली.

तर ती गेल्या वर्षीची संध्याकाळ. आईला मी फार काही सांगितलं नव्हतं, म्हटलं गाणं आहे, चल. तीही आतापर्यंत आलेली नव्हती, सासूबाई गेल्या नाहीत तर मी कशी जाऊ असं तिच्या मनात असणार, आणि सासू गेल्यावर लगेच जाणं तर तिला अजूनच जड गेलं असतं. पाच वर्षं थांबली. अनवाणी आत गेली, मागच्या बाकावर कडेला बसली, मांडीवर पर्स धरून. कॉयर सुरू झालं. पहिली दोन गाणी ती वेदीकडेच बघत होती, सोनेरी मुलाम्याच्या त्या नक्षीकडे, मध्ये सायबीण. तिसऱ्या गाण्याला तिनं पर्स बाजूला ठेवली. नंतर माझ्या लक्षात आलं की ती अगदी हळू, ओठ न हलवता, खालचा षड्ज धरून बसलीये, तंबोऱ्यासारखा. देवळात भजनाला बसते तशी. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवली, मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी आईकडे बघितलं, जरा सरकल्या, आणि परत समोर बघितलं.

बाहेर आलो तोवर अंधार झाला होता, खाली मांडवीवर फेरीबोटीचा दिवा हलत होता. चप्पल होती तिथंच होती. उतरताना आई काही बोलली नाही. गाडीत बसलो, बाणस्तारीचा पूल आला, खाली कुंभारजुव्याचं पाणी, ती खिडकीतून बघत होती. पूल संपल्यावर म्हणाली, "त्या सायबिणीला फुलं वाहतात का गं?"

म्हटलं, वाहतात की. अबोली, झेंडू, गुलाब, हार सुद्धा घालतात.

"जायां चालतात?"

जायां म्हणजे जाईची फुलं. म्हार्दोळच्या लोकांना जायांबद्दल वेगळं काही सांगायला नको, आमच्याकडे म्हाळसेला जायांची पूजाच असते, आख्खा मंडप जायांनी भरतो, त्या दिवशी वास रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत येतो. मी म्हटलं चालत असणार, विचारते, पण आई, आता फेब्रुवारी आहे, आता कुठली जायां.

तिनं बोटांवर महिने मोजले. घरी पोचल्यावर मी राशोलच्या त्या मुलाला, तो आता पाद्री झालाय, मेसेज टाकला. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं की ८ सप्टेंबरला सायबिणीचा जन्मदिवस, त्याच्या आधी नऊ दिवस मुलं रोज फुलं घेऊन येतात, कुठलंही फूल चालतं, जायां तर अवश्य आणा.

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे जायांचा भर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग केळीच्या पानात बांधून देईन, नाहीतर गाडीत सुकतील.